देहूचे देऊळ आणि तुकोबांचे समाधान

देवळांच्या जीर्णोद्धाराचा विषय निघाला की पुण्यश्लोक अहल्याबाई होळकरांचे नाव प्रथम ओठावर येते, आणि ते रास्तच आहे. काशीचा विश्वेश्वर, सोमनाथ, वेरूळचा घृष्णेश्वर ही त्यांची कामे सर्वश्रुत आहेत. परंतु काशीच्या त्या कामाआधी दीडशे वर्षे, मावळच्या सीमेवर इंद्रायणीच्या काठी, एका लहानशा देवळाची पडझड एका कुणब्याने दुरुस्त केली होती. त्याच्यापाशी संस्थान नव्हते, खजिना नव्हता. वाण्याचा धंदा बुडालेला, घरात मृत्यू होऊन गेलेला आणि गावात पत उरलेली नाही, अशा स्थितीत त्याने हे काम हाती घेतले. ते देऊळ म्हणजे श्रीक्षेत्र देहू येथील विठ्ठलाचे देऊळ आणि तो कुणबी म्हणजे तुकाराम बोल्होबा आंबिले, अर्थात जगद्गुरू तुकोबाराय.

तुकोबांचे चरित्र महाराष्ट्रातील आबालवृद्धांस ठाऊक आहे. कीर्तनकार ते रंगवून सांगतात. १९३६ साली प्रभात कंपनीने काढलेल्या बोलपटाने तर ते घरोघर नेले. त्यात विमान असते, तरलेल्या वह्या असतात. मात्र एक गोष्ट बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते. सर्वस्व गेल्यावर या मनुष्याने पहिले काम कोणते केले? त्याने देऊळ दुरुस्त केले. हे आपण कशाच्या आधारे सांगतो, तर खुद्द तुकोबांच्या शब्दांच्या आधारे. संतमंडळींनी आग्रह केला म्हणून त्यांनी एका अभंगात आपली हकीकत सांगितली आहे. आपल्याविषयी बोलू नये, पण तुम्ही विचारले म्हणून सांगतो, असा संकोच त्यात प्रथमच व्यक्त केला आहे. तो अभंग फार मोठा नाही. पण एका मराठी माणसाने सतराव्या शतकात आपल्या आयुष्याचा इतका उघडा हिशेब द्यावा, ही इतिहासाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट आहे.

त्या हिशेबाची नीट ओळख होण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

तुकोबांच्या घराण्यात विठ्ठलभक्ती पूर्वापार होती. त्यांचे आठवे पूर्वज विश्वंभरबुवा. ते पंढरीचे निष्ठावंत वारकरी होते. वय झाल्यावर विठ्ठलानेच त्यांना दृष्टांत दिला, आंब्याच्या बनात मूर्ती सापडली आणि ती इंद्रायणीकाठी स्थापन झाली, अशी देहूची परंपरा आहे. विश्वंभरबुवांचे पुत्र हरी आणि मुकुंद सैन्यात गेले आणि लढाईत कामास आले. घराणे तेव्हाही एकदा मोडले होते. हरीची पत्नी गरोदर होती, तिच्या पोटी झालेल्या मुलाकडून वंश पुढे चालला. म्हणजे पडणे आणि पुन्हा उभे राहणे या घराला नवे नव्हते.

तुकोबांच्या वेळेपर्यंत घरची स्थिती चांगली झाली होती. शेती होती, वाणीपणा होता, बाजारपेठेची महाजनकी होती, सावकारीची देवघेव होती. वडील बोल्होबा, आई कनकाई, वडील बंधू सावजी, धाकटे कान्होबा. तुकोबांच्या जन्मसालाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत; शके १५३० म्हणजे इ. स. १६०८ हे साल पुष्कळजण धरतात. सावजी मुळातच विरक्त, त्यामुळे व्यवहाराचा भार लहानपणीच तुकोबांवर आला. त्यांचे पहिले लग्न रखमाबाईंशी झाले. त्यांना दम्याचा विकार होता, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाई हिच्याशी दुसरे लग्न लावले गेले. जिजाईलाच पुढे आवली म्हणू लागले.

मग एकामागून एक आघात सुरू झाले. तुकोबा सतरा वर्षांचे असताना आईवडील गेले. थोड्याच काळात सावजींची पत्नी निवर्तली आणि सावजी तीर्थयात्रेस निघून गेले. घरात वडीलधारे म्हणावे असे कोणी राहिले नाही. आणि अशा वेळी दुष्काळ पडला.

हा दुष्काळ लहानसहान नव्हता. इ. स. १६३० च्या सुमारास गुजरात आणि दख्खन या दोन्ही प्रांतांवर जो अनर्थ ओढवला, त्याची नोंद फारसी बखरकारांनी आणि परदेशी प्रवाशांनीही करून ठेवली आहे. शहाजहान बादशहा त्या वेळी खानजहान लोदीचे बंड मोडण्यासाठी बुऱ्हाणपुरास तळ देऊन होता. त्याचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी बादशहानाम्यात लिहितो की, भाकरीच्या मोलाने जीव विकायला काढला तरी घेणारा मिळेना. हाडांचे पीठ कणकेत मिसळून विकले जाई आणि माणसे माणसांना खाऊ लागली, असेही त्याने नमूद केले आहे. बादशहाने बुऱ्हाणपूर, अहमदाबाद आणि सुरत येथे अन्नछत्रे उघडली. बुऱ्हाणपुरात दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले जात. राजाचा भाट राजाच्या दानाचे वर्णन वाढवून करतो हे खरे, पण राज्यातील उपासमारीचे वर्णन तो विनाकारण वाढवणार नाही. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी १६३० च्या नोव्हेंबरात सुरतेहून आग्र्यास निघाला. त्याच्या वाटेवर प्रेतांचा असा खच होता की तंबू ठोकायला मोकळी जागा मिळणे कठीण झाले.

दख्खनेत दुष्काळाच्या जोडीला लढायाही होत्या. निजामशाही खिळखिळी झालेली, आदिलशाही आणि मोगल दोघे टपलेले. याच सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले आणि जमीनदोस्त केले. शिवनेरीवर शिवछत्रपतींचा जन्म झाला तो याच १६३० साली, फेब्रुवारीत. देहू पुण्यापासून काही फार लांब नाही. तेव्हा इंद्रायणीच्या खोऱ्यात काय परिस्थिती असेल हे सांगायला वेगळा साक्षीदार नको. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी खडी फोडली, सुकडी आणि लाल मिलो खाऊन दिवस काढले, त्यांना याची थोडी कल्पना येईल. पण १९७२ साली रोजगाराची कामे निघाली, परदेशातून धान्य आले. १६३० साली देहूच्या माणसाला येणार कोठून?

या दुष्काळात तुकोबांची गुरेढोरे गेली, दुकान बसले, दिवाळे निघाले. रखमाबाई अन्न अन्न करीत मेल्या. हे कोणा चरित्रकाराने रचलेले नाही, तुकोबांनी स्वतः सांगितले आहे. संतू नावाचा मुलगाही गेला, असे परंपरा सांगते. त्या एका अभंगात तुकोबा दोन शब्द मोठ्या प्रामाणिकपणे वापरतात, एक दुःखाचा आणि दुसरा लाजेचा. दुःख समजते. लाज कशाची? महाजनाच्या घरातील बाईला मूठभर धान्य मिळू नये याची. गावातला मान पैशाबरोबर गेला याची. आपत्तीत सापडलेल्या माणसाला दुःखाहून लाज अधिक जाळते, हे ज्याने सोसले आहे तोच लिहू शकतो.

त्यानंतर त्यांनी काय केले? त्या अभंगातील क्रम पाहण्यासारखा आहे. धंद्यात तोटा येत चालला हे सांगून होताच ते लगेच देवळाकडे वळतात. देवाचे देऊळ मोडले होते, ते दुरुस्त करावेसे मनात आले, म्हणून केले. एवढेच. त्यापूर्वी साक्षात्काराचा उल्लेख नाही, गुरूपदेशाचा नाही, कवित्वाचाही नाही. ते सारे नंतर येते. आधी येते ते दगडमातीचे काम.

ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात भक्तविजय आणि भक्तलीलामृत या ग्रंथांतून तुकोबांचे चरित्र विस्ताराने सांगितले. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तुकोबांनी या कामात स्वतः अंगमेहनत केली. खेडेगावातील देऊळ ज्यांनी उभे राहताना पाहिले आहे, त्यांना हे चित्र डोळ्यांपुढे आणायला कष्ट पडणार नाहीत. माती खणायची, भिजवायची, तुडवायची, दगड वाहून आणायचे आणि भिंत वीत वीत वर न्यायची. कालपर्यंत तराजू धरणारा हात हे काम करीत होता, आणि बघणारे हसतही असतील.

देवळाच्या कामाने दुःख नाहीसे होते असे नाही. रखमाबाई परत आल्या नाहीत, दुकानही पुन्हा उभे राहिले नाही. पण ज्या माणसाचे सारे मोडले आहे त्याला मोडलेली एक वस्तू आपल्या हाताने नीट करता आली. शिवाय ती वस्तू आठ पिढ्यांपासून घराची होती. वडील याच मूर्तीपुढे उभे राहत, त्यांचे वडीलही याच मूर्तीपुढे. घर रिकामे झाले तरी देवळात ती सारी माणसे एका परीने हजर होती. देव जवळ असणे म्हणजे काय, याचा तुकोबांना आलेला पहिला अनुभव असा मातीने माखलेल्या हातांचा असावा, असे म्हणायला हरकत नाही.

देऊळ दुरुस्त झाल्यावर एकादशीला कीर्तन सुरू झाले. येथेही तुकोबा आपला मोठेपणा सांगत नाहीत. सुरुवातीला आपला अभ्यास नव्हता, मन लागत नव्हते, असे ते कबूल करतात. पूर्वीच्या संतांची काही वचने पाठ केली. पुढे दुसरा गात असे, आपण मागे उभे राहून ध्रुपद धरीत असू. भाव शुद्ध ठेवून संतांची सेवा केली, जमेल तो परोपकार देह झिजवून केला. ज्यांच्या शब्दांवर आज साऱ्या महाराष्ट्राचे भजन चालते, ते तुकोबा आधी काही काळ नुसते टाळकरी होते! गावोगावच्या भजनी मंडळांतून मागच्या रांगेत उभे राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच काळातील दुसरी गोष्ट खतपत्रांची. घराण्याची सावकारी असल्यामुळे लोकांकडून येणे असलेल्या रकमांची कर्जरोख्यांची चवड घरात होती. दुष्काळानंतर अशा खतांचे मोल दुहेरी असते. सावकाराला ती पुन्हा उभे राहण्याची एकमेव आशा, तर कुळाला तो गळ्याचा फास. तुकोबांनी ती खते बाहेर काढली. कान्होबांचा संसार होता, म्हणून निम्मी त्यांना दिली आणि आपल्या वाट्याची निम्मी इंद्रायणीत बुडवली. भावाच्या हक्काला हात न लावता स्वतःचा हक्क सोडणे, हा व्यवहार किती चोख आहे पाहा. विरक्तीच्या भरातही दुसऱ्याचे बुडवू नये, हा वाणीपणाचा धडा ते विसरले नव्हते. कीर्तनात ही कथा वैराग्याचे उदाहरण म्हणून येते. परंतु दुष्काळात पिचलेल्या किती कुळांनी त्या दिवशी मोकळा श्वास घेतला असेल, ही बाजूही सांगायला हवी.

तुकोबा आता एकांतासाठी डोंगरावर जाऊ लागले. देहूच्या पश्चिमेस भंडारा, तसेच भामचंद्र आणि घोरवडेश्वर ही त्यांची चिंतनाची ठिकाणे म्हणून आजही दाखवितात. जुन्या काळातील कोरीव लेणी तेथे आहेत. पुढे माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी, बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन रामकृष्णहरी हा मंत्र दिला, असे तुकोबांनीच सांगितले आहे. त्यानंतर नामदेवरायांच्या स्वप्नादेशाने कवित्व सुरू झाले.

येथे जिजाईबद्दल चार शब्द लिहिणे अगत्याचे आहे. कीर्तनात आणि नाटकांत तिला कजाग म्हणून रंगवतात आणि श्रोते हसतात. खुद्द तुकोबांच्या अभंगांतही तिच्या चिडण्याचे वर्णन आहे. पण विचार करावा. सावकाराच्या घरी सून म्हणून आलेली ही पुण्याची मुलगी. दुष्काळात सवत अन्नावाचून मेलेली तिने पाहिली. घरधनी खते बुडवतो, मिळेल ते वाटून टाकतो, डोंगरावर जाऊन बसतो. घरात मुले आहेत, चूल पेटायची आहे. भांडवलासाठी तिने आपल्या नावावर कर्ज काढून दिले, तेही तुकोबांनी गरजवंताला देऊन टाकले, अशी कथा आहे. ती विठ्ठलाला काळ्या म्हणून शिव्या देई, परंतु रोज भाकरी घेऊन नवऱ्याला शोधीत डोंगर चढे. एकदा वाटेत तिच्या पायात काटा रुतला आणि तो काढायला तो काळाच धावून आला, असे देहूचे लोक सांगतात. ज्याला शिव्या घातल्या त्यानेच काटा काढावा, ही कथा ज्या कोणी प्रथम सांगितली त्याला जिजाईचे दुःख नक्की कळले होते. देवाच्या सान्निध्याचा वाटा फक्त भजन करणाऱ्यालाच मिळतो असे त्या सांगणाऱ्याला वाटत नव्हते.

तुकोबांनी पुढे एका अभंगात, दिवाळे निघाले ते बरे झाले, दुष्काळाने पीडले ते बरे झाले, बायको कर्कश मिळाली तेही बरे झाले, अशा अर्थाचे उद्गार काढले आहेत. हा अभंग पुष्कळदा दुःखिताच्या सांत्वनासाठी वापरला जातो. त्यात थोडा विवेक हवा. हे उद्गार पुढच्या काळातले आहेत, मागे वळून पाहताना निघालेले आहेत. बायको उपाशी मेली त्या दिवशी तुकोबा बरे झाले असे म्हणाले नाहीत; त्या दिवशी त्यांना लाज वाटली, दुःख झाले. ज्याच्या घरी नुकताच घाला पडला आहे त्याला, बरे झाले म्हणून सांगायला जाऊ नये. त्याच्याजवळ बसावे हेच खरे.

समाधान एकदा मिळाले म्हणजे कायमचे मिळाले, असेही झाले नाही. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा हे वाघोलीच्या रामेश्वरभट्टांना आणि इतरांना मानवले नाही. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. एकदा खते बुडवली तेव्हा तो स्वखुशीचा त्याग होता; या वेळी जिवाचा ठेवा जबरीने बुडवला गेला. लोक म्हणाले, आधी संसार बुडवला, आता परमार्थही बुडाला. तुकोबा त्याच विठ्ठलाच्या दारात शिळेवर धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्नपाणी नाही. ती शिळा देहूस आजही भाविक पाहतात.

तेराव्या दिवशी वह्या पाण्यावर तरल्या, हे सर्वांना माहीत आहे. पण त्यानंतरचे तुकोबांचे अभंग फारसे कोणी सांगत नाही, आणि खरे मर्म त्यांत आहे. वह्या परत मिळाल्याच्या आनंदात ते नाचत नाहीत, तर देवाची क्षमा मागतात. मी मोठा अन्याय केला, लोकांच्या बोलण्याने चित्त खवळून तुझा अंत पाहिला, डोळे मिटून उपाशी बसलो आणि तुला त्रास दिला, असा त्यांचा सूर आहे. माझ्यावर कोणी सुरी चालवली नव्हती, मग एवढा आकांत मी का केला, असेही ते स्वतःला विचारतात. देव आपल्याजवळ आहे हे ज्याला पटले, त्याला आपल्या हट्टाने जवळच्या माणसाला श्रम झाल्यासारखे वाटले. आईला उगाच रात्रभर जागवल्यावर मुलाला जसे वाटते, तसे.

आपल्या हकीकतीच्या अभंगात वह्या बुडाल्याचा आणि धरण्याचा प्रसंग सांगून झाल्यावर तुकोबा, नारायणाने आपले समाधान केले, असे म्हणतात. त्यांनी वापरलेला शब्द समाधान हाच आहे. विरोध करणारे रामेश्वरभट्ट पुढे त्यांचे शिष्य झाले. तुकोबांची जी आरती घरोघर म्हटली जाते ती याच रामेश्वरभट्टांची रचना आहे.

देहूच्या देवळात त्या काळी काय चालत असे, याची एक प्रत्यक्षदर्शी साक्ष आहे. संत बहिणाबाईंचा जन्म १६२८ चा. वेरूळजवळच्या देवगावची ही ब्राह्मणाची मुलगी. कोल्हापुरास असताना तुकोबांचे अभंग तिच्या कानी पडले आणि तिला त्यांचा ध्यास लागला. नवऱ्याने मारहाण केली, बांधून घातले. पुढे तोच बदलला आणि कुटुंब देहूला आले. तेथेही मंबाजी गोसाव्याने छळ मांडला, त्यांच्या गाईलाही मारले. या सगळ्यांतून बहिणाबाईंना विसावा मिळाला तो विठ्ठलाच्या देवळात रोज होणाऱ्या तुकोबांच्या कीर्तनात. आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत त्यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. ज्या भिंती एका दुःखी माणसाने स्वतःसाठी सावरल्या, त्यांच्या आत दूरगावची एक गांजलेली स्त्री येऊन बसली होती.

फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, म्हणजे इ. स. १६५० साली तुकोबांनी वैकुंठगमन केले. जिजाई त्या वेळी गरोदर होती. ज्यांच्या वाट्याला निम्मी खते आली होती ते कान्होबा, भावाच्या वियोगाने वेडेपिसे होऊन त्याच विठ्ठलाशी भांडले. माझा भाऊ मला परत दे म्हणून त्यांनी देवाला जे खडे बोल सुनावले ते अभंगरूपाने गाथेत समाविष्ट आहेत. घरात दुःख झाले की देवळात जाऊन देवाशी भांडायचे, ही त्या घराची रीत होऊन बसली होती.

जिजाईच्या पोटी मुलगा झाला, त्याचे नाव नारायण ठेवले. वडिलांना त्याने कधी पाहिले नाही. या नारायणबुवांनीच पुढे १६८५ साली पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. ज्येष्ठ वद्य सप्तमीला ती पालखी आजही देहूहून निघते.